पाटाएवढं अंतर

सिद्राम भावजी गेल्याचा निरोप मला मंगळवेढ्यात मिळाला. भाचीच्या मुलाच्या बारशाला गेले होते. सकाळी चुलीपुढं भाकरी थापत बसले होते, तेवढ्यात आमच्या दुकानातला हमाल इराप्पा पहिल्या एसटीनं येऊन दारात उभा राहिला. चपला काढेना, आत येईना, पाणी दिलं तर घेईना. तेव्हाच मला कळलं. "दोड्डव्वा, आप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. घरात मला सगळे दोड्डव्वा म्हणतात, कानडीत थोरली आई. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "पायावर होते का अंथरुणात?" त्याला वाटलं म्हातारीला धक्का बसला, काहीतरी बरळतीय. त्यानं पुन्हा सांगितलं, आप्पा गेले. मी म्हटलं, गेले ते ऐकलं, विचारते ते सांग. त्याला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं का सांगायचं नव्हतं, कोण जाणे. एसटीत माझ्या शेजारी बसून तो सगळ्या वाटेनं खिडकीबाहेर बघत होता, आणि माझ्याकडं न बघणाऱ्या माणसाचा मला कधीच भरवसा वाटत नाही.

पेपरच्या पुरवणीत लोक मोठ्या माणसांवर लिहितात. आमचे भावजी मोठे नव्हते. सोलापुरात बाळीवेशीजवळ त्यांचं भुसाराचं दुकान होतं, एवढंच. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा ते शाळा चुकवून बोळात गोट्या खेळत होते. पुढं माझे मालक वारले, मला मूलबाळ नाही, तरी मी त्याच घरात राहिले आणि मला कुणी जा म्हटलं नाही, ते ह्या दिराच्या धाकानं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. आमचं बोलणं सगळं टोमण्यात. मी म्हणायची, गादीवर बसून पोट तागडीच्या पुढं आलं. ते म्हणायचे, वैनीच्या आमटीनं आलं असतं तर कबूल केलं असतं, पण ती घशाखाली उतरतच न्हाय की. चालणं मात्र त्यांचं भराभर. पहाटे तळ्यातल्या सिद्धेश्वराला जाऊन घरी परत यायचे तेव्हा माझा चहा उकळलेला नसायचा. बायको लवकर गेली, मुलगा शरणू हाताशी आला, सून आली, तरी ते पहाटेचं चालणं चुकलं नाही.

दुष्काळाच्या साली दुकानात ज्वारी मिळेना. परदेशातनं आलेली लाल ज्वारी, मिलो, विकायची पाळी आली. लोक आधीच चिडलेले, त्यात भावजींनी तागडी धरली की त्यांचा उजवा हात हलायचा. बायका म्हणायला लागल्या, सिद्रामप्पा काटा हलवतोय, मापात मारतोय. एक-दोघींनी ते माझ्या तोंडावर म्हटलं. मी त्यांच्याशी भांडले, आणि घरी येऊन भावजींच्या तोंडाचा वास घेतला, कारण मला वेगळाच संशय होता. वास नुसता सुपारीचा आला. मग त्यांचा चेहरा बदलला. बोलणं गमतीचंच, पण तोंडावर त्यातलं काही दिसायचं नाही, जसं काही दुसऱ्याच कुणाचं तोंड लावलंय. गल्लीत म्हणू लागले, सिद्रामप्पाला माज आला. आणि मग पाय... चालता चालता एकदम थांबायचे. तळवे जमिनीला चिकटल्यासारखे. गुडघे थरथरायचे, अंग पुढं झुकायचं, पण पाऊल काही उचलायचं नाही.

डॉक्टर म्हणाले, हा कंपवात. हळूहळू वाढणार, बरा होणार नाही. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, ह्यांना घरातल्या घरात का होईना चालतं ठेवा, बसले की बसलेच. डॉक्टर फार गोड बोलायचे, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. पण हे वाक्य पटलं, कारण त्यात गोड काही नव्हतं. भावजींनी तर ते गाठीला बांधून ठेवलं. त्याच दिवशी मला म्हणाले, "वैनी, परसात माझा मी जाणार. ज्या दिवशी भांडं अंथरुणात आलं, त्या दिवशी मी गेलो म्हणून समजा." मी म्हटलं, बघू. मी कुणाला शब्द देत नाही, पण हा मी मनात धरून ठेवला.

आमचं घर लांबट. पुढं शहाबादी फरशीची खोली, तिथं भावजींचा पलंग. मग मधली खोली, तिला गुळगुळीत कोबा. मग स्वयंपाकघर आणि त्याच्या मागं परस, तिथं मोरी आणि संडास. पलंगाच्या पायांखाली आम्ही विटा लावल्या, म्हणजे त्यांना उठताना सोपं जावं. भिंतीला धरून दोर बांधला. वाटेतल्या खुर्च्या, कोठ्या हलवल्या. शरणू माणूस वाईट नाही, पण घाबरट. बाप अडखळून पडेल म्हणून त्यानं गवंडी आणला आणि स्वयंपाकघराचा उंबरठा फोडून सिमेंट ओढून घेतलं. उंबरठा नसलेलं घर मी तोवर बघितलं नव्हतं. आणि झालं काय, तर भावजी सगळ्यांत जास्त अडकू लागले ते त्याच जागी. उंबरठा होता तोवर बिनघोर पाय उचलून पलीकडं जायचे, आता तिथं खुंट्यासारखे उभे.

सोमवारी शरणू त्यांना धरून मठात न्यायचा. एकदा मी बरोबर गेले. मठाला चांगल्या उंच पायऱ्या आहेत. भावजी त्या पायऱ्या तरण्या पोरासारखे चढले, आणि वर सपाट अंगणात आल्यावर थांबले. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलं. पायऱ्या चढतो आणि सपाटीला अडतो, असा कुठला रोग? मला ढोंगाचा वास आला. म्हातारपणी कुणी आपल्याकडं बघावं म्हणून माणसं काय काय करतात ते मी पुष्कळ बघितलंय. मी सुनेला, महानंदाला, तसं बोलून दाखवलं. ती अक्कलकोटकडची, आमच्याशी मराठीत बोलायची आणि भांड्यांशी कानडीत, आणि दोन्हींत थोडकंच. कमी बोलणाऱ्या बाईच्या मनात काय चाललंय ते कळत नाही, म्हणून तिच्यावरही माझं लक्ष असायचं.

मी त्यांना पकडायचं ठरवलं. एके दुपारी भावजी त्या फोडलेल्या उंबरठ्याच्या जागी अडकून उभे होते. मी झाडत होते. महानंदा आत पीठ मळत होती. मी हातातली केरसुणी त्यांच्या पायापुढं आडवी ठेवली. आमच्या घरात केरसुणीला पाय लावत नाहीत, ओलांडायचं तर नावच नको. दिवाळीत भावजी स्वतः दुकानातल्या केरसुणीला हळदकुंकू वाहायचे. माझा हिशेब असा, की पाय खरोखर अडले असतील तर हा माणूस जागचा हलणार नाही, आणि ढोंग असेल तर लक्ष्मी पायापुढं बघून घाईनं बाजूला सरेल. सरला की सापडला.

भावजींनी केरसुणीकडं बघितलं. मग उजवा पाय उचलला आणि तिच्यावरून पलीकडं टाकला. मागून डावा. आणि सरळ चालत चुलीपर्यंत गेले. महानंदाचे पिठाचे हात तसेच राहिले. मग ती उठली, केरसुणीला हात लावून कपाळाला लावला. भावजी भिंतीला धरून उभे. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण आवाज घाबरलेला. "वैनी, लक्ष्मी ओलांडली मी."

"ओलांडलीत," मी म्हटलं. "आता परत या."

परत येताना ते अडकले. मी केरसुणी पुन्हा ठेवली, त्यांनी पुन्हा ओलांडली. ढोंग नव्हतं. पण हे काय होतं, तेही मला कळेना.

संध्याकाळी शरणूनं घर डोक्यावर घेतलं. दुकानदाराच्या घरात बाप रोज लक्ष्मी ओलांडणार, मग धंद्याचं काय. महानंदा मान खाली घालून ताटं वाढत होती, म्हणजे त्याला तिनंच सांगितलेलं. मी म्हटलं, केरसुणी नको तर दुसरं काही ठेवू. काठी ठेवून बघितली, ती पायाखाली गरगरली. दोरी टाकली, तिच्यात अंगठा अडकला. मग मी पुढच्या खोलीत जाऊन बसले आणि भावजींचे पाय बघत राहिले. फरशीवर ते बरे चालत होते. फरशीला सांधे असतात. प्रत्येक सांध्यावरून त्यांचा पाय उचलून पडत होता, त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या पायांना ओलांडायला काहीतरी लागत होतं, बस्स. पायऱ्यांचं कोडंही तेव्हाच सुटलं.

दुसऱ्या दिवशी मी वाटीभर काव भिजवली. जेवायचा पाट घेतला. पाट कोब्यावर ठेवायचा, त्याच्या कडेनं चिंधीनं काव ओढायची, पाट पुढं सरकवायचा, पुन्हा ओढायची. मधल्या खोलीच्या ह्या दारापासून त्या दारापर्यंत, स्वयंपाकघर, थेट परसापर्यंत आडव्या तांबड्या रेघा झाल्या. भावजी पलंगावर बसून बघत होते. म्हणाले, "वैनी, ह्या वयात मला लंगडी खेळायला लावताय व्हय." पण उठले, आणि एक एक रेघ ओलांडत परसात जाऊन आले. कुणाचा हात न धरता. पलंगावर बसल्यावर म्हणाले, चादरीवरनं चालल्यासारखं वाटतंय, आपल्या सोलापूरच्या.

शेजारची सरूबाई विरजण मागायला आली, तिनं रेघा बघितल्या आणि वाटी तिथंच ठेवून गेली. दोन दिवसांत गल्लीत झालं, की सिद्रामप्पाच्या घरात थोरल्या वैनीनं करणी मांडलीय. शरणू मला म्हणाला, लोकांना समजावून सांगा. मी सांगितलं नाही. फुकट डोकवायला येणारी माणसं बंद झाली, ते मला बरंच वाटलं.

काव झाडण्यानं पुसट होते, म्हणून दर सोमवारी मी रेघा नव्यानं काढायची. पुढं माझे गुडघे धरले, मला खाली बसवेना. एके सोमवारी बघते तर महानंदा वाटी घेऊन बसलेली. मी तिला सांगितलं नव्हतं. ज्या बाईनं केरसुणीला हात लावून कपाळाला लावला आणि नवऱ्याला जाऊन सांगितलं, तिला ह्या रेघांचा एवढा पुळका कुठून आला? त्यातच शरणूनं दुसरं तुणतुणं धरलं. आप्पा पडले तर मांडीचं हाड मोडेल, आता पलंगावरच सगळी सोय करू, भांडं आणू. मी म्हटलं, भांडं ह्या घरात आलं तर मी ते बोळात फेकीन. तो उठून दुकानात गेला. पण एका दुपारी मी झोपेतून उठले तर महानंदा ओल्या फडक्यानं सगळ्या रेघा पुसत होती. एकही शिल्लक नव्हती. काय करतीस, विचारलं. ती म्हणाली, जुन्यावर काढलं की फासतं दोड्डव्वा, पुसून नवीन काढते. उत्तर बरोबर होतं. फार पटकन आलेलं बरोबर उत्तर मला चालत नाही. मला वाटलं, नवरा-बायकोचं ठरलंय. हळूहळू रेघा जाणार, म्हातारा पलंगाला लागणार, ह्यांची दगदग वाचणार. तेव्हापासून माझी बसायची जागा मी स्वयंपाकघराच्या दारात केली, जिथून सगळी वाट दिसते.

पण रेघा रोज जागेवर असायच्या. भावजी वाकले, आवाज बारीक झाला, घास गिळताना ठसका लागायचा, सदऱ्याची बटणं दुसऱ्यानं लावावी लागायची. परसात मात्र जातच होते. एका पावलाला एक रेघ, तसंच. आणि त्याचा त्यांना मोठा गर्व. कुणी भेटायला आलं की चालून दाखवायचे. मला तर रोज ऐकवायचे. "बघा वैनी, सगळं गेलं, पण पाऊल काही आखडलं न्हाय. रेघेला रेघ पडतंय की पहिल्यासारखं." मी बघायची, आणि खरंच रेघेला रेघ पडत होतं. मी म्हणायची, डॉक्टर खोटारडा, वाढणार म्हणाला होता, पाय तर तिथंच आहेत. ह्यावर भावजी हसायचे. तोंड हसायचं नाही, खांदे हलायचे.

मंगळवेढ्याला जायला माझं मन नव्हतं. निघताना शरणूला दम दिला, मी परत येईपर्यंत भांडं आलं तर याद राख. भावजींना म्हटलं, मी नाही म्हणून लोळत पडू नका. ते म्हणाले, तुमी या तर खरं, दारापर्यंत घ्यायला येतो... ते काही झालं नाही.

आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात, आणि मातीतही बसवूनच देतात. मी पोचले तेव्हा भावजी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले होते. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, मांडीवर हात. तो हात हलत नव्हता. इतक्या वर्षांनी तो हात मी थांबलेला बघितला. बायका माझ्या गळ्यात पडायला आल्या. मी त्यांना बाजूला करून आधी पलंगाखाली वाकून बघितलं. भांडं नव्हतं. मोरीत जाऊन बघितलं, तिथंही नव्हतं. मग येऊन त्यांच्यापुढं बसले. लोक म्हणाले, म्हातारी दगडाची आहे. म्हणू देत. भांडं लपवताही येतं, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं, पण तेव्हा मी कुणाला काही विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी भावजींच्या नावानं शिवगणाराधनेचं जेवण झालं. जंगम आले, भाऊबंद आले. मधल्या खोलीत पंगत मांडायची म्हणून मी पाट घालत होते. दोन रेघांच्या मध्ये एक पाट, असं माझ्या हाताला वळण. पहिला पाट ठेवला, तो रेघेवर चढला. सरकवून बघितला, पलीकडच्या रेघेवर चढला. दुसरीकडं ठेवला, तिथंही तेच. पाट तोच होता, माझाच. खोली तीच. दोन रेघांमधलं अंतर पाटाएवढं राहिलं नव्हतं. मी पंगत उठेपर्यंत कळ काढली. मग महानंदाला परसात गाठलं. ती भांडी घासत होती. मी विचारलं, रेघांचं माप कुणी बदललं?

तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, मामांचा पाय रेघेवरच पडायला लागला होता. रेघेवर पडला की पुढं अडायचे. म्हणून रेघा जवळ आणल्या. एकदम नाही, थोड्या थोड्या, दर खेपेला सगळ्या पुसून. शेवटी लाटण्याच्या मापानं काढत होते.

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तुमी मामांना सांगितलं असतं की."

सांगितलं असतं. पाऊल आखडलं न्हाय म्हणून ते मिरवत होते, तेव्हा पाट आणून त्यांच्यापुढं ठेवला असता, आणि म्हटलं असतं, हे बघा किती आखडलंय. माझा स्वभावच तो. मग मी तिला तेच विचारलं जे इराप्पाला विचारलं होतं. ती म्हणाली, पहाटेच परसातून आले, त्यांचे ते. मी नुकतीच काव ओढली होती, वाळली नव्हती. शेवटची रेघ ओलांडून पलंगावर बसले, चहा टाक म्हणाले. चहा घेऊन आले तर मान खाली गेली होती. बसल्या बसल्याच.

ऐकायला चांगलं वाटलं, म्हणूनच मला ते लगेच घेववेना. जी बाई इतके दिवस एका माणसाच्या पायाखालच्या रेघा त्याला न कळता सरकवते, ती एका म्हातारीला बरं वाटावं म्हणून एवढं रचणार नाही कशावरून? दुपारी सगळे पांगल्यावर मी पुढच्या खोलीत गेले. पलंग अजून विटांवरच होता. खाली बसवत नाही, तरी बसले. पुढच्या पायाखालच्या विटेवर, बाहेरच्या कडेला, तांबडा डाग होता. अंगठ्याएवढा. पलंगावर बसताना माणसाचा पाय टेकतो तिथं. विटेवर काव लावायचं कुणाला काही काम नव्हतं. महानंदा हुशार आहे, पण एवढं तिलाही सुचलं नसतं... असं मी धरून चालते.

शरणू म्हणतो, आता रेघा धुऊन टाकू, उंबरठाही पुन्हा बसवू. उंबरठा बसव म्हटलं. रेघांचं कुणी मनावर घेत नाही, कारण ह्या घरातली सगळी माणसं अजून पाय उचलूनच मधली खोली ओलांडतात, शरणूसुद्धा. पुढं एका सोमवारी महानंदा काव भिजवून माझ्यापुढं येऊन उभी राहिली. काढू का, म्हणाली. माझे गुडघे आता उचलत नाहीत, पाय फरफटतो, रेघ असली की उचलायची आठवण राहते. काढ म्हटलं. तिनं विचारलं, पाटानं का लाटण्यानं? मी सांगितलं, पाटानं काढ. जमलं नाही तर मी सांगीन. पण मला न सांगता एक बोटभरही सरकवायची नाही.

"व्हय," ती म्हणाली.

फार पटकन म्हणाली. म्हणून दर सोमवारी ती काव ओढून उठली की मी गुडघे धरत का होईना, पाट घेऊन बसते, आणि प्रत्येक रेघेपाशी ठेवून बघते.